लसणाच्या वाफ्यातली अंगठी

“बाई, त्या रॉकेलच्या मिरच्या हायेत.”

पुंजाजीभाऊ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. मी नुकतीच लग्न होऊन कामरगावहून रिसोडला आले होते. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. घर गावाच्या कडेला, माळीपुऱ्याला लागून; मागच्या दाराशी काट्यांचं कुंपण आणि पलीकडे पुंजाजीभाऊंचा मळा. घरात सासू नाही, जाऊ नाही, चार गोष्टी सांगणारं कोणी नाही. चुलीवर तेल तापलेलं आणि टोपलीत मिरची नाही, म्हणून मी कुंपणावरून वाकून चार मिरच्या तोडल्या, तोच मागून हे वाक्य आलं. मी खरंच एक मिरची नाकाशी नेऊन हुंगली. रॉकेलचा वास काही येईना. एक उंच, किडकिडीत माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता आणि अजिबात हसत नव्हता.

“पाहुण्याच्या मिरच्या तिकडं हायेत,” असं म्हणून त्यांनी दुसऱ्या वाफ्यातून मूठभर मिरच्या तोडल्या आणि माझ्या पदरात टाकल्या. “तुमी अजून पाहुण्याच हा. पुढल्या सालापासून इकत घ्याच्या.” पुढल्या सालापासून त्यांनी खरोखर पैसे घेतले. वर कोथिंबिरीची काडी मात्र कधी चुकली नाही.

हळूहळू मला त्या मळ्याचा नकाशा कळला. इतर माळ्यांचे वाफे पिकाच्या नावाने ओळखले जायचे, वांग्यांचा, मेथीचा, कांद्याचा. पुंजाजीभाऊंचे वाफे खर्चाच्या नावाने ओळखले जात. एक रॉकेलचा. त्यातल्या मिरच्यांचे जे येतील त्यातून फक्त रॉकेल, आणि लढाईचे दिवस असल्यामुळे ते मिळायचं तेही नशिबाने. एक मिठाचा, एक कापडाचा, एक बैलांच्या सरकीचा. एक बहिणींचा, कारण दोन बहिणी लग्न करून दिलेल्या आणि दिवाळीला त्यांना साडीचोळी करावी लागे. एक पाहुण्यांचा. आणि अगदी रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्याही बाहेर, जाणाऱ्या-येणाऱ्याचा. त्यातलं कोणीही तोडावं, विचारायचंसुद्धा नाही.

या वाफ्यातलं त्या वाफ्यात जायचं नाही, हा त्यांचा कायदा. एका वर्षी कापडाच्या वाफ्यातल्या वांग्यांना कीड लागली आणि त्यांनी ते साल ठिगळाच्या धोतरावर काढलं. शेजारच्या वाफ्यात मिठाचा मुळा चांगला मांडीएवढा झालेला. कोणीतरी म्हणालं, अरे, तो विक आणि धोतर आण. त्यावर ते म्हणाले, “मिठाचं धोतर नेसू काय?” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ आश्चर्य होतं की विचारणाराच ओशाळला. “ज्याचं त्याच्या वाफ्यात” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माळीपुऱ्यातली पोरंटोरं ते त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

मला आधी वाटलं, माणूस जरा तिरसट आहे. शिवाय आणखी एक खोड होती. काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. मोटेचं पाणी दांडातून वाहत यायचं, ते फावड्याने वाफ्याचं तोंड उघडायचे, वाफा भरायचा, ते तोंड बुजवायचे आणि मग उत्तर. “चहा घेता का?” असं विचारून मी कप घेऊन उभी राहायची आणि ‘हो’ येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची. बैलांना ते अहोजाहो करत. “तुमी थकले असान तं थांबू,” असं त्यांना म्हणताना मी ऐकलंय. उलट तहशिलीतल्या एका कारकुनाला हा मान कधी मिळाला नाही. हा गृहस्थ बाजाराच्या दिवशी शिपाई पाठवून माळ्यांकडून फुकट वांगी उकळायचा. शिपाई एकदा पुंजाजीभाऊंकडे आला आणि थट्टेने म्हणाला, “साहेबाचा वाफा कोनता?” वाफा भरला, तोंड बुजलं, आणि मग उत्तर आलं. “साहेबाचा लावला नाही. पन रस्त्याच्या कडेचा हाय, जानाऱ्या-येनाऱ्याचा. साहेबाले सांग, येता-जाता वाकून तोडून घे. कोनी नाही म्हननार नाही.” साहेब काही वाकायला आला नाही आणि शिपाईही पुन्हा दिसला नाही.

असं का करता म्हणून मी एकदा सरळ विचारलं. “सगळं एका जागी असलं का बाई,” ते म्हणाले, “जो जोरानं रडते तोच सगळं घेऊन जाते. हळू रडनाऱ्याले काई उरत नाही.” तेव्हापासून मी त्यांना तिरसट म्हणणं सोडलं.

या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचा वाफा मात्र त्यांनी कधी पाडला नव्हता. बाप लवकर गेलेला. बहिणींची लग्नं होईपर्यंत यांची तिशी उलटली आणि त्या काळी तिशी उलटलेल्या माळ्याच्या पोराला कोण मुलगी देणार? त्यांची माय रोज सकाळी भाकरी थापता थापता मोठ्याने स्वतःच्या नशिबाला बोल लावायची. शेवटी कोणा नातेवाइकाने मेडशीचं एक स्थळ आणलं. सुभद्रा तिचं नाव. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहून भावाच्या शेतात राबत होती. माळ्यांत विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्याला पाट लावणं म्हणतात. आमच्यासारख्यांच्या घरात तेवढीही सोय नव्हती, म्हणून मला ती मोठीच गोष्ट वाटली. पण त्या पाटाची रीत ऐकली आणि माझं तोंड उतरलं. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, तो नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. अंधार पडल्यावर दोन-चार माणसांनी जायचं, पाट लावायचा आणि उजाडायच्या आत बाईला घरात घ्यायचं. अशा नवरीचं तोंड दिवसा पाहणं लोक अशुभ मानायचे.

मेडशीला जाताना पुंजाजीभाऊंनी आमच्या ह्यांना सोबत नेलं. चार बुकं शिकलेला माणूस सोबत असला की बरं दिसतं, हे मायचं मत. तिथे काय झालं ते मला ह्यांनी सांगितलं. ओसरीवर सुभद्राचा भाऊ बसला होता आणि सगळं तोच बोलत होता. अमावास्येच्या आसपास या, दोन माणसं पुरे, जास्त बोभाटा नको. सुभद्रा दाराआड उभी होती. पुंजाजीभाऊ मध्येच म्हणाले, “तिले काय पाह्यजे ते तिले इचारलं काय?” भाऊ हसला. अशा बाईला काय विचारायचं? पण दाराआडून आवाज आला.

“मले दिवसा न्या. बाकी काई नोको.”

तिथे भरायला वाफा नव्हता. पुंजाजीभाऊंनी समोरचा पाण्याचा लोटा उचलला, सावकाश सगळा पिऊन टाकला, खाली ठेवला आणि म्हणाले, “दिवसा नेतो. साक्षगंधबी करतो. आंगठी घालून.”

हे घरी येऊन म्हणाले, “हा माणूस एक तर वेडा आहे, नाहीतर फारच शहाणा.” मी म्हटलं, शहाणा. मायला मात्र ते वेडच वाटलं. “रांडमुंड बाईचं साक्षगंध? गाव तोंडात शेन घालन!” असं म्हणून तिने मुलाशी बोलणं टाकलं. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा आमच्या घरापर्यंत यायचा, आणि तो रोज वाढत होता.

दिवाळी झाली आणि पुंजाजीभाऊंनी विहिरीजवळ, जिथे मोटेचं पाणी सगळ्यांत आधी पोचतं तिथे, एक नवा वाफा पाडला. त्यात लसूण लावला. लसूण फाल्गुनात निघतो, लग्नसराईच्या तोंडावर त्याला भाव असतो, म्हणून चैत्रात साक्षगंध, असं त्यांचं गणित. हा अंगठीचा वाफा. आता ही बातमी माळीपुऱ्यात राहते थोडीच? बाजारात लोक नाक धरून विचारायचे, “काय पुंजाजी, लसनाची आंगठी कुठवर आली?” ते शांतपणे म्हणायचे, “वीतभर.” एकदा कोणी फारच वास-वास म्हणून चिडवलं तेव्हा तेवढे बोलले, “भाजीत घालून खाता तवा नाक धरता काय?”

त्या वाफ्याची त्यांनी केलेली निगा मी रोज मागच्या दारातून पाहायची. सकाळी बैल जुंपायच्या आधी ते तिथे उकिडवे बसलेले असत. एकेक गवताची काडी बोटांनी वेचून काढत. हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. सोनं त्या वर्षी लढाईमुळे चढत चाललं होतं आणि ते ऐकून माझाच जीव वरखाली व्हायचा. ते म्हणायचे, “सोनं वरतं वाढून राह्यलं, लसून खालतं वाढून राह्यला. पाहू.”

माघात एका दुपारी गारा पडल्या. थोडा वेळच, पण बोराएवढ्या. मी परातीतलं वाळवण आत ओढत होते, तर मळ्यात पुंजाजीभाऊ घोंगडी घेऊन धावताना दिसले. घोंगडी त्यांनी लसणावर पसरली, पण घोंगडी ती केवढी आणि वाफा केवढा! कोपऱ्यातला तेवढा लसूण वाचला, बाकीच्याची पात मोडून चिखलाला मिळाली. जमिनीखालचे गड्डे जगले, पण पात गेल्यावर ते काय पोसणार? फाल्गुनात उपटले तेव्हा सुपारीएवढे निघाले. त्यांनी तेही एकेक पुसून पाटीत भरले आणि बाजारात नेऊन विकले.

सोनाराने ते पैसे पाहिले आणि मान हलवली. माणूस भला होता. म्हणाला, “पुंजाजी, चांदीची करतो, वरून सोन्याचा मुलामा देतो. कोनाले समजन?”

“तिले समजन,” पुंजाजीभाऊ म्हणाले आणि उठून आले.

हे कळलं तेव्हा मला राहवेना. माझ्या बोटात माहेरची अंगठी होती. साक्षगंधापुरती उसनी अंगठी नेणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. कित्येक घरी असंच चालायचं. कोणाची तरी अंगठी आणायची, चार लोकांत घालायची, आणि ‘हरवेल हो, लग्नापर्यंत मी जपून ठेवते’ असं म्हणून सासूने काढून घ्यायची. सगळ्यांना माहीत असायचं आणि कोणी बोलायचं नाही. मी कुंपणापाशी जाऊन अंगठी पुढे केली. म्हटलं, “भाऊ, ही न्या. सवडीने परत द्या.”

पाणी चालू नव्हतं, तरी त्यांनी फावड्याने एका वाफ्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा बुजवलं. मग म्हणाले, “बाई, तुमचं मन मोठं हाय. पन तिचा नवरा मेला तवा बायांनी तिच्या बोटातलं ओढून काढलं. मास्तरनं सांगतलं नसन तुमाले, तिच्या भावजयीनं सांगतलं मले. एकदा काढून घेतलं तिचं. पुन्हा काढून घ्याची आंगठी कायले घालू?”

मी ती अंगठी परत बोटात घातली. रडू आवरायला मला घरात जावं लागलं, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही.

पुढल्या सालच्या लसणाला करू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मेडशीहून निरोप आला. भावाला थांबायचं नव्हतं. एक बिजवर तयार होता, घरात लहान पोरं, करायला बाई हवी. तो रीतीप्रमाणे अंधारात नेणार होता, साक्षगंध-बिक्षगंध काही नाही. चैत्र संपायच्या आत अंगठी घेऊन या, नाहीतर नाद सोडा. भावाचंही फार चुकत नव्हतं; त्याच्या मते तो बहिणीचं कल्याणच करत होता.

त्या दिवशी मी पुंजाजीभाऊंना पहिल्यांदा चुकताना पाहिलं. दांडाचं पाणी वाफा भरून वर सांडत होतं आणि ते फावड्याला टेकून दुसरीकडेच बघत होते. बहिणींचा वाफा हिरवागार होता. बैलांचाही बरा होता. त्या दोन्ही वाफ्यांवर त्यांची नजर जाऊन आली हे मला कुंपणापलीकडून दिसलं. नुसती जाऊन आली.

तेवढ्यात झोपडीतून माय बाहेर आली. काखेत एक मडकं होतं, तोंड फडक्याने बांधलेलं. ते तिने मुलाच्या पायाशी आणून ठेवलं. मळ्यात मायचाही एक वाफा होता, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यात ती हळद लावायची, उकडून वाळवून हळकुंडं मडक्यात भरून ठेवायची आणि ती कोणाला विकू द्यायची नाही. तो तिच्या तेरवीचा वाफा होता. मेल्यानंतर तेराव्याच्या जेवणासाठी पोराला कोणाच्या दारी जावं लागू नये, म्हणून.

“हे इक,” ती म्हणाली. किती महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलत होती.

पुंजाजीभाऊंनी सांडणारं पाणी बंद केलं. “ते तुह्या तेरवीचं हाय.”

“मले ठावं हाय कायचं हाय ते.”

“ज्याचं त्याच्या वाफ्यात, माय.”

“वाफा कोनाचा? माहाच ना? मंग कोनाले द्याचं ते मी ठरवीन. अन तेरवीचं गोडधोड मी काय खायाले येनार हावो?”

मला हसू आलं, पण ते ओठातच राहिलं, कारण म्हातारी माझ्याकडे वळली होती. मुलाला जे सांगता येत नव्हतं ते ती मला सांगत होती. “माहा नवरा मेला तवा धाकटी पाळन्यात होती. मलेबी न्याले एक जन तयार होता, बाई. मानूस चांगला होता. पन अंधारात नेतो म्हने. मी नाही म्हनलं. दिवसा येतं काय, असं मले कोनी इचारलंच नाही.”

पुंजाजीभाऊ त्या मडक्यापाशी खाली बसले. फडक्याची गाठ चाचपली आणि म्हणाले, “बरं.” त्यांच्याच कायद्याने म्हातारीने त्यांना गप्प केलं होतं.

साक्षगंधाला कुंकू लावायला सवाष्ण हवी. पुंजाजीभाऊंच्या बहिणींना त्यांच्या सासरच्यांनी येऊ दिलं नाही, म्हणून मी गेले. मेडशीच्या त्या अंगणात सकाळचं ऊन चांगलं पसरलं होतं. सुभद्रा पाटावर बसली, मी तिला कुंकू लावलं आणि माझं बोट कपाळाला टेकलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. अंगठी निघाली तेव्हा तिची भावजय हळूच म्हणाली, “हातात द्या, बोटात नोको. असं कराची रीत नाही.” सगळ्या बाया पुंजाजीभाऊंकडे बघू लागल्या. अंगठी अगदी साधी, बारीक, वर नक्षी नाही की खडा नाही, पण आतून-बाहेरून एकच सोनं. ते ती चिमटीत धरून तसेच थांबले. तेव्हा सुभद्रानेच हात पुढे केला आणि बोट सरळ धरलं.

अंगठी घालताना ते तिला एवढंच म्हणाले, “कधी काढा वाटली तं तूच काढजो. दुसऱ्या कोनी काढाची नाही.” घरी परत निघताना पाहिलं तर ती चुलीशी बसली होती आणि अंगठीचा हात दूर ठेवून शेणाने सारवायचं काम तिने दुसऱ्या हाताने चालवलं होतं.

आमची बदली झाली ती त्याच उन्हाळ्यात. सामान बांधून झालं होतं आणि मी बाजारात शेवटच्या काही वस्तू घ्यायला गेले होते, तेव्हा त्यांची गाडी पाहिली. लग्न मेडशीला दिवसाउजेडी लागलं होतं. उन्हाळ्यात गाड्या रात्रीच्या चालतात. पुंजाजीभाऊही रात्री निघून पहाटे रिसोडजवळ पोचले होते. उजाडता उजाडता ते सहज घरी शिरू शकले असते. पण ते गावाबाहेरच्या आंब्यांखाली थांबले, बैलांना चारा-पाणी केलं, बाजार पुरता भरू दिला, आणि ऊन डोक्यावर आल्यावर भर बाजारातून गाडी आणली. ते स्वतः बैलांच्या पुढे चालत होते. मागे माय बसली होती, तिच्या शेजारी सुभद्रा. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. बाजारातली माणसं बोलता बोलता थांबली. एका म्हातारीने तोंड फिरवलं. दोघीतिघी मात्र भाजीच्या ढिगामागून उठून उभ्या राहिल्या, नीट दिसावं म्हणून.

किराण्याच्या दुकानातून एक म्हातारा ओरडला, “अबे पुंजाजी, या उन्हात कायले आनून राह्यला तिले? सांज तं होऊ द्याची!”

पुंजाजीभाऊंचं उत्तर यायला वेळ लागणार हे मला माहीत होतं, म्हणून मी थांबले. पण उत्तर गाडीतून आलं, सुभद्राचं.

“त्यायले नोका बोलू, बाबाजी. मीच म्हनलं, आता चला.”

म्हातारा आत वळला. पुंजाजीभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही, त्यांनी डाव्या बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, “चला तुमी, घाई नाही.” आणि गाडी बाजारातून सावकाश माळीपुऱ्याकडे निघून गेली.